कान नंतर बघू, आधी अट सांगा

या महिन्यात मेलबॉक्समध्ये ड्रॅगन नाहीत, व्हॅम्पायर नाहीत, टाइम ट्रॅव्हल तर औषधालाही नाही. सगळे प्रश्न फे लोकांवरचे, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या लोककथांमधल्या परीसारख्या जादूच्या लोकांवरचे. रोमँटसीची, म्हणजे फँटसी अधिक रोमान्सची, सध्या जी हवा आहे ती बघता नवल नाही म्हणा, पण तीन जणींनी तर जवळजवळ एकाच वाक्यात एकच प्रश्न पाठवलाय, त्यामुळे म्हटलं आता पूर्ण कॉलमच यांना देऊन टाकू. जरा लांबलंय, सावकाश वाचा.

प्रश्न : ताई, दोन महिन्यांत सहा फे रोमान्स वाचले आणि आता डोक्यात सगळ्यांची सरमिसळ झालीये. प्रत्येकात राजपुत्र खोटं बोलू शकत नाही, लोखंडाने भाजतो, त्याला नाव सांगायचं नाही, थँक यू म्हणायचं नाही, तिकडचं काही खायचं नाही. हे खरंच लोककथांमधलं आहे का या लेखिका एकमेकींचं बघून लिहितात?
— रात्री दोनपर्यंत जागणारी

उत्तर : दोन्ही, आणि कुठलं कुठून आलंय हे बघायला लागलं की मजा येते.

लोखंड अस्सल जुनं. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये बाळाच्या पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचे किंवा जवळ कात्री ठेवायचे, बाळाला कोणी बदलून नेऊ नये म्हणून. न खाण्याचा नियमही जुनाच. त्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची, १८७३ साली छापलेली. मिस्टर नॉय नावाचा एक शेतकरी रात्री सेलीना मूर नावाच्या माळावर वाट चुकतो, लांबून त्याला दिवे दिसतात, संगीत ऐकू येतं, जवळ जाऊन बघतो तर छोट्या छोट्या माणसांचा नाच चाललाय आणि त्यांच्यात पेल्यांमधून पेय वाटत फिरणारी एकच पूर्ण उंचीची मुलगी आहे. ती असते ग्रेस, त्याची प्रेयसी, जिला तीन-चार वर्षांपूर्वी सगळ्यांनी मेली म्हणून पुरलेलं असतं. ती त्याला हळूच बागेत नेते आणि पहिलं काय सांगते, तर मला हात लावू नकोस, इथलं फळ तोडू नकोस, फूलसुद्धा नको. तिने एक सोनेरी प्लम खाल्लेलं असतं, तोंडात गेल्या गेल्या त्याचं कडू पाणी झालं आणि ती बेशुद्ध पडली, जाग आली तेव्हा ती यांची नोकर झालेली. नॉयला आठवतं की कपडा उलटा केला की यांची जादू मोडते, तो खिशातले हातमोजे उलटे करून त्या घोळक्यात फेकतो, आणि सगळं गायब होतं. सगळं म्हणजे ग्रेससुद्धा. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. उपाय अगदी बरोबर होता आणि तीच गेली!

खोटं न बोलण्याचं मूळ लोकांना वाटतं त्याहून बरंच जुनं निघतं. जेराल्ड ऑफ वेल्स नावाचा एक धर्मगुरू ११८८ मध्ये वेल्समधून फिरला, त्या प्रवासाच्या वर्णनात त्याने एलिडर नावाच्या माणसाची गोष्ट दिलीये. हा एलिडर बारा वर्षांचा असताना मास्तरांच्या माराला कंटाळून नदीकाठच्या कपारीत लपतो, दोन दिवस उपाशी, मग दोन बुटकी माणसं येतात आणि त्याला जमिनीखालच्या देशात घेऊन जातात. तिथे सूर्य नाही, उजेड सतत ढगाळ दिवसासारखा, ती माणसं मांस-मासे खात नाहीत, दूध आणि केशर घालून केलेलं काहीतरी खातात, आणि शपथ कधीच घेत नाहीत कारण त्यांना खोट्याइतकी दुसऱ्या कशाचीच चीड नाही. वर येऊन गेले की आपल्या माणसांच्या बेइमानीला नावं ठेवतात. म्हणजे इथे ते खोटं बोलू *शकत* नाहीत असं नाहीये, त्यांना ते आवडत नाही. खोटं बोलायला निघाला की राजपुत्राची जीभच अडकते, हा सक्तीचा प्रकार कादंबऱ्यांनी घट्ट बसवला. स्कॉटिश गाण्यातल्या थॉमस द रायमरला फे राणी खोटं न बोलणारी जीभ देते खरी, पण तो माणूस आहे, आणि त्याची तक्रार अशी की अशा जिभेने मी बाजारात खरेदी-विक्री करू कशी!

नावाचं तर सरळ उलटं झालंय. जुन्या गोष्टींमध्ये बहुतेकदा *त्यांचं* नाव माणसाला कळलं की माणूस जिंकतो. स्कॉटलंडच्या व्हपिटी स्टूरीच्या गोष्टीत ती हिरव्या कपड्यातली बाई एका आईकडून सौदा म्हणून तिचं मूल मागते, आणि आईने तिचं नाव चोरून ऐकलेलं असतं म्हणूनच ते मूल वाचतं. आताच्या कादंबरीत तेच शस्त्र हिरोच्या हातात दिलंय. थँक यू न म्हणण्याचा नियम मला वाटतं ब्राउनीवरून ताणलेला आहे, तो घरातली कामं करणारा छोटा प्राणी, त्याला कपडे बक्षीस दिले की तो निघून जातो. आणि हो, समर कोर्ट, विंटर कोर्ट वगैरे ऋतूंप्रमाणे वाटलेली राज्यं नवीन. स्कॉटिश बोलीत सीली आणि अनसीली असे दोनच गट, बरे आणि वाईट, आणि बऱ्यांच्याही फार जवळ जाऊ नये असाच एकंदर सूर. 'मेट बॉण्ड', म्हणजे जन्मजात ठरलेला जोडीदार, तो तर लांडगामानवांच्या रोमान्समधून उडी मारून इकडे आलाय. फे लोकांना असलं काही ठरवून दिलेलं नव्हतं, ते बिचारे नुसते पळवून न्यायचे.

प्रश्न : सगळीकडे वाचते की फे रोमान्स म्हणजे शेवटी टॅम लिनच. तो नक्की कोण?
— फक्त नाव ऐकलेली

उत्तर : टॅम लिन हे स्कॉटलंडच्या सीमाभागातलं एक बॅलड आहे, म्हणजे गाऊन सांगायची गोष्ट. १५४९ सालच्या एका स्कॉटिश पुस्तकात या कथेचा नुसता उल्लेख येतो, म्हणजे तेव्हा ती लोकांना माहीतच होती, आणि कवी रॉबर्ट बर्न्सने दिलेला पाठ १७९६ मध्ये छापला गेला. जागा खरी आहे, सेलकर्कजवळ एट्रिक आणि यॅरो या नद्या मिळतात तिथलं कार्टरहॉ.

सुरुवात मनाईने होते. मुलींनो, कार्टरहॉला जाऊ नका, तिथे टॅम लिन आहे, जी जाते तिला काहीतरी तारण ठेवावं लागतं, अंगठी, नाहीतर हिरवी शाल, नाहीतर कौमार्य. आणि पुढच्याच कडव्यात जॅनेट परकर गुडघ्याच्या वर खोचून निघालीच आहे! तिथे जाऊन गुलाब तोडते, हा उगवतो आणि विचारतो माझ्या परवानगीशिवाय कसा तोडलास, तर ही म्हणते कार्टरहॉ माझं आहे, माझ्या वडिलांनी मला दिलंय, तुला का विचारू. मला वाटतं फे रोमान्सच्या सगळ्या तिखट हिरॉइन्स या एका उत्तरातून जन्माला आल्यात.

मग ती गरोदर राहते. (काही पाठांमध्ये इथे तिची संमती होती का हे अजिबात स्पष्ट नाही आणि काहींमध्ये तर नव्हतीच असं दिसतं, हे लपवून ही गोष्ट गोड करून सांगू नये.) ती परत जाते ती गर्भ पाडायची वनस्पती तोडायला, तेव्हा तो पुन्हा समोर येतो आणि आता कुठे स्वतःबद्दल सांगतो. तो मुळात फे नाहीच. रॉक्सबर्गच्या सरदाराचा नातू, शिकारीहून परतताना थंडीच्या दिवशी घोड्यावरून पडला आणि फे राणीने त्याला उचललं. दर सात वर्षांनी फे लोकांना नरकाला खंडणी द्यावी लागते, आणि मी इतका धष्टपुष्ट आहे की यंदा माझाच नंबर लागेल अशी भीती वाटते, असं तो म्हणतो. ती रात्र हॅलोविनची. मध्यरात्री माइल्स क्रॉस नावाच्या जागेवरून फे लोकांची स्वारी जाईल. काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्याकडे धाव आणि स्वाराला खाली ओढ, माझ्या उजव्या हातात मोजा असेल आणि डावा उघडा असेल, त्यावरून मला ओळख.

पुढचं तुम्हाला ऐकून माहीत असेल. ती त्याला धरते आणि तिच्या मिठीत त्याचा साप होतो, अस्वल होतं, सिंह होतो, मग लोखंडाची लालबुंद कांब, शेवटी धगधगता निखारा, तो ती विहिरीत टाकते आणि पाण्यातून उघडा-नागडा माणूस बाहेर येतो, त्याला ती आपल्या हिरव्या शालीने झाकते. राणी चिडून म्हणते, हे होणार हे आधी कळलं असतं तर याचे डोळे काढून तिथे लाकडाचे बसवले असते.

यात जॅनेटकडे जादू नाही, तलवार नाही, कोणी भविष्यवाणी केलेली नाही. तिला एकच काम आहे, सोडायचं नाही. बऱ्याच नव्या कादंबऱ्या इथेच चुकतात असं माझं मत, शेवटच्या पन्नास पानांत हिरॉइनच्या अंगात अचानक शक्ती संचारते आणि ती प्रकाशाचे झोत वगैरे सोडायला लागते. अगं बाई, धरून ठेव की त्याला!

प्रश्न : पंख आणि टोकदार कान कोणी दिले?
— चित्रं काढणारी

उत्तर : लोककथेने नाही. टॅम लिन किंवा थॉमसच्या गाण्यात कानांबद्दल अवाक्षर नाही, थॉमसची राणी तर इतकी माणसासारखी दिसते की तो तिला आधी स्वर्गाची राणी समजतो. कीटकांसारखे पंख अलेक्झांडर पोपच्या १७१४ मधल्या विनोदी काव्यातल्या सिल्फ नावाच्या हवेतल्या जीवांना होते, मग चित्रकारांनी ते फे लोकांना चिकटवले, आणि व्हिक्टोरियन काळात चित्रं, नाटकं, मुलांची पुस्तकं यांनी त्यांना फुलांवर बसणारं करून टाकलं. टोकदार कान ग्रीक वनदेवतांच्या चित्रांमध्ये फार आधीपासून आहेत, तिकडून आले असावेत. तुम्ही बिनकानाचा, म्हणजे साध्या कानाचा, फे काढलात तर तो जास्त भीतीदायक दिसेल बघा.

प्रश्न : ताई, मी माझी पहिली फे रोमान्स कादंबरी लिहितेय, पंचवीस हजार शब्द झालेत. माझं सगळं आधी वाचणारी मैत्रीण म्हणाली की तुझा राजपुत्र म्हणजे नुसता श्रीमंत बॉयफ्रेंड विथ कान. रडू आलं पण तिचं बरोबर आहे असं वाटतंय. काय करू?
— कानवाली

उत्तर : मैत्रीण जपून ठेव, अशी मिळत नाही.

मला एवढंच सांग, तुझ्या कादंबरीत अट काय आहे? शाप नव्हे, युद्ध नव्हे, अट. या सगळ्या जुन्या प्रेमकथा एका छोट्याशा, जवळजवळ मूर्ख वाटणाऱ्या अटीवर उभ्या असतात, आणि ती अट मोडणार हे वाचणाऱ्याला पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं.

मेल्युझीनचं उदाहरण घे. १३९३ च्या सुमाराला ज्याँ दारास याने लिहिलेली फ्रेंच कथा, ल्युझिन्यां घराण्याची मूळ स्त्री कोण ते सांगणारी. ती रेमोंदिनशी लग्न करते, त्याला जमिनी, किल्ले, मुलं सगळं देते, आणि मागते एवढंच की शनिवारी मला बघायचं नाही. बरीच वर्षं सुखात जातात. मग भाऊ येऊन कान भरतो, लोक काय काय बोलतात म्हणून, आणि रेमोंदिन तलवारीच्या टोकाने दाराला भोक पाडून आत बघतो. ती टबात बसलेली, केस विंचरतेय, आणि कमरेखाली सापाची शेपूट.

आपण असतो तर इथे धाडकन ब्रेकअप केला असता. पण तसं होत नाही. तो ते भोक मेणाने बुजवतो आणि गप्प बसतो, आणि तिला कळलेलं असूनही तीही गप्प बसते, दोघं काही घडलंच नाही असं वागत राहतात! मोडतं ते पुढे, त्यांचा एक मुलगा मठ जाळतो आणि आत साधू मरतात, तेव्हा रेमोंदिन रागाच्या भरात चारचौघांत तिला सर्पीण म्हणतो. बघितल्याने जितकं बिघडलं नाही तितकं बोलल्याने बिघडलं. ती सर्पाच्या रूपात खिडकीतून उडून जाते, आणि नंतर रात्री येऊन तान्ह्या बाळांना पाजून जाते, दायांनी तिला बघितलेलं असतं. हे लग्न कुठल्याही काळातल्या नवरा-बायकोला ओळखू येईल, आणि तरी ते फक्त फे बायकोबरोबरच घडू शकतं. तुझ्या राजपुत्राच्या बाबतीत हेच तपासून बघ, कान काढून टाकले तर गोष्ट तशीच्या तशी चालते का? चालत असेल तर मैत्रीण जिंकली.

दुसरं म्हणजे संवाद. तुझा हिरो खोटं बोलू शकत नाही असं तू ठरवलंयस ना, मग त्याचं प्रत्येक वाक्य त्या नियमातून गाळून घे. बहुतेक जण हा नियम तिसऱ्या चॅप्टरमध्ये जाहीर करतात आणि चौथ्यात विसरतात. म्हणजे बघ, हिरॉइन विचारते, "माझ्या भावाला परत आणशील?" साधा हिरो म्हणेल, "हो, वचन देतो." फे म्हणेल, "उद्या सूर्य उगवायच्या आत तुझा भाऊ तुझ्या दारात उभा असेल." ती खूश होते. सकाळी भाऊ दारात उभा असतो, आणि तिला ओळखत नाही. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

प्रेमाच्या प्रसंगात तर हे सोनं आहे. "मी तुला कधीच दुखावणार नाही" हे वाक्य जगातला प्रत्येक हिरो फेकतो, पण तुझा हिरो म्हणू शकत नाही कारण पुढचं त्याला माहीत नाही आणि जे माहीत नाही त्याची हमी देणं म्हणजे खोटंच. तो फार तर म्हणेल, "आज तुला दुखवायची माझी इच्छा नाही." ती चिडेल, हे काय बोलणं झालं! मग दोनशे पानांनंतर तो जेव्हा "कधीच" हा शब्द वापरेल, तेव्हा वाचणारीच्या हातातून पुस्तक पडलं पाहिजे.

आणि पंचवीस हजार शब्द झालेत तर प्लीज फेकू नकोस, अट मागे जाऊन पेरता येते.

प्रश्न : हिरो ५०० वर्षांचा, हिरॉइन १९ ची. मला हे झेपत नाही. जुन्या कथांमध्ये पण असंच होतं का?
— गणित कच्चं नसलेली

उत्तर : वयाचा फरक होता, पण त्याची किंमतही मोजावी लागायची, जी आता कोणी मोजत नाही.

बाराव्या शतकात वॉल्टर मॅपने हर्ला राजाची गोष्ट लिहिलीये. तो एका बुटक्या राजाच्या लग्नाला डोंगराच्या पोटात जातो, तीन दिवस राहतो, निघताना त्याला एक छोटा कुत्रा भेट मिळतो, घोड्यावर मांडीत घेऊन बसायचा आणि हा स्वतः खाली उडी मारेपर्यंत तुमच्यापैकी कोणी उतरायचं नाही ही अट (परत अट!). बाहेर आल्यावर एक म्हातारा धनगर भेटतो, हर्ला त्याला आपल्या राणीबद्दल विचारतो, तर म्हातारा म्हणतो तुमची भाषा मला नीट कळत नाही, या नावाची एक राणी फार पूर्वी होती म्हणतात, राज्य जाऊनच दोनशे वर्षं झाली. हर्लाचे काही लोक उतरतात आणि जमिनीला पाय लागताच त्यांची माती होते. कुत्र्याने अजून उडी मारलेली नाही. आयर्लंडच्या कथांमधला ओशीनही नीव नावाच्या फे स्त्रीबरोबर टीर ना नोगला, म्हणजे कोणी म्हातारं न होणाऱ्या देशात, जाऊन तीनशे वर्षांनी परततो आणि घोड्यावरून पडल्या क्षणी म्हातारा होतो.

म्हणजे बघ, फे माणूस तरुण राहतो हे खरं, पण बिल माणसाच्या नावावर फाटतं. आताच्या कादंबरीत हिरॉइनला शेवटी अमर करून टाकतात आणि प्रश्नच मिटवतात. तिचे आईवडील, भावंडं, सगळे मरतील आणि ही तशीच राहील याबद्दल एक परिच्छेदही नाही. मला राग वयाच्या फरकापेक्षा याचा जास्त येतो.

आणि मगाच्या सेलीना मूरच्या गोष्टीत ग्रेस याच लोकांबद्दल काय सांगते माहितीये? की यांना भावना फारशा उरलेल्याच नाहीत, हजारो वर्षांपूर्वी माणूस असताना जे आवडायचं त्याच्या आठवणीवर जगतात, आणि इतक्या लांबलचक आयुष्यात एकालाच धरून राहायचं म्हणजे त्यांना कंटाळवाणं वाटतं. ५०० वर्षांच्या माणसाचं इतकं पटणारं चित्र मी नव्या पुस्तकात क्वचित वाचलंय. कोणीतरी असा हिरो लिहा ना, ज्याला प्रेम *आठवावं* लागतं.

प्रश्न : पळवून नेणं, डांबून ठेवणं, करारात अडकवणं याला आपण रोमँटिक म्हणतोय, हे बरोबर आहे का? लोककथेत आहे म्हणून चालतं का?
— अस्वस्थ वाचक

उत्तर : लोककथेत आहे म्हणून काहीही चालत नाही. उलट लोककथेत या गोष्टी भीतीच्या बाजूला आहेत. सांगणारे या लोकांना खरं मानायचे, आणि त्या विश्वासाने माणसं मारलीत.

मार्च १८९५, आयर्लंडमधलं टिपररी, बॅलिवॅडली हे गाव. ब्रिजेट क्लिअरी, वय २६, शिवणकाम करणारी, स्वतः कमावणारी. ती आजारी पडली आणि तिचा नवरा मायकेल म्हणायला लागला की ही माझी बायको नाही, हिला फे लोकांनी नेलंय आणि तिच्या जागी दुसरंच कोणीतरी ठेवलंय. तिला कडू काढे जबरदस्तीने पाजले, विस्तवाजवळ धरून पुन्हा पुन्हा विचारलं तू ब्रिजेट आहेस का, सांग. घरात तिचे वडील होते, नातेवाईक होते. शेवटी तो तिच्या अंगावर दिव्याचं तेल ओतून तिला जाळतो. त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा वर्षांनी सुटला.

आणि यातली जी गोष्ट मला टॅम लिन वाचताना आता कायम आठवते ती अशी की, तिला पुरल्यावर तो रात्री जवळच्या एका जुन्या मातीच्या गढीपाशी, जिथे फे राहतात असं लोक मानत, जाऊन थांबत होता. त्याचं म्हणणं, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल आणि मी दोर कापून तिला सोडवीन.

पांढरा घोडा, रात्र, खाली ओढून सोडवणं. जॅनेटचीच गोष्ट. फरक इतकाच की जॅनेट समोरच्या माणसाचं कुठलंही रूप आपलंच मानून धरून ठेवते, आणि मायकेलने आजारी बायकोला 'ही ती नाही' ठरवलं.

तेव्हा डार्क रोमान्स वाचा, लिहा, मी पण वाचते, मला यात लाज वगैरे काही वाटत नाही. फक्त तुमच्या पुस्तकात पळवून नेलेल्या मुलीला भीती वाटू दे, आणि ती भीती हिरोच्या ॲब्ज बघून संपू नये.

प्रश्न : मराठीत लिहायचं तर फेला काय म्हणू? परी म्हटलं की छडी आणि फ्रॉक येतो डोळ्यासमोर.
— अनुवादात अडकलेला

उत्तर : फेच ठेव, वाचणाऱ्यांना कळतं. यक्ष-गंधर्व म्हणू नकोस, ते वेगळे लोक आहेत, त्यांच्या स्वतःच्या गोष्टी आहेत. पण एक गंमत सांगते. तिकडचे लोकसुद्धा यांचं नाव घ्यायचं टाळायचे, आयर्लंडमध्ये 'भली माणसं', स्कॉटलंडमध्ये 'चांगले शेजारी', वेल्समध्ये 'गोरं कुटुंब' अशा अर्थाचं काहीतरी. रात्री सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणावं तसं. म्हणून तुझ्या पात्रांच्या तोंडी 'ते लोक', 'पलीकडचे', 'शेजारी' असं काही घाल, म्हातारी आजी असेल तर ती 'शेजारी' हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणेल, आणि निवेदनात फे राहू दे.

प्रश्न : माझ्या गोष्टीचा शेवट गोड करायचाय पण सगळे म्हणतात लोककथा दुःखीच संपतात. एक तरी सुखी शेवट आहे का?
— हॅपी एन्डिंगवाली

उत्तर : आहे, आणि मजेशीर आहे. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स हिने लांवालची गोष्ट लिहिली. आर्थर राजाचा सरदार, राजा सगळ्यांना बक्षिसं देतो आणि याला विसरतो. हा एकटा ओढ्याकाठी जाऊन पडतो, तिथे तंबूत एक फे स्त्री असते, ती म्हणते मी तुझ्यासाठीच लांबून आलेय, प्रेम देईन, पैसा देईन, पण माझ्याबद्दल कोणाला सांगितलंस तर परत दिसणार नाही. मग राणी याच्यावर डोळा ठेवते, हा नाही म्हणतो, ती त्याचा अपमान करते, आणि हा पठ्ठ्या चिडून बोलून जातो की माझ्या प्रेयसीची साधी दासीसुद्धा तुझ्यापेक्षा सुंदर आहे. अट मोडली. वर खटला, सिद्ध कर नाहीतर शिक्षा. प्रेयसीला तर बोलवायची सोय नाही.

निकाल लागायची वेळ येते, आणि दासी जोडीजोडीने घोड्यांवरून यायला लागतात, दरबारी दर वेळी विचारतात हीच का ती, हा दर वेळी नाही म्हणतो. शेवटी ती येते, पांढऱ्या घोड्यावर, सगळ्यांसमोर त्याची बाजू मांडते, तो सुटतो. त्याला माफ केलं असं ती कुठे म्हणत नाही. ती नुसती जायला वळते. दरबाराबाहेर काळसर संगमरवराचा एक मोठा दगड असतो, जड चिलखतवाले त्यावर चढून घोड्यावर बसायचे. लांवाल त्या दगडावर जाऊन उभा राहतो, आणि ती दारातून बाहेर पडते तशी उडी मारून तिच्या मागे बसतो. ती त्याला ॲव्हलॉन नावाच्या बेटावर घेऊन जाते, त्यानंतर त्याच्याबद्दल कोणी काही ऐकलेलं नाही.